केतकीची चाल

रणवरेबाईंना कुणी खुर्ची दिली की त्यांचं डोकं फिरायचं.

फलटणच्या मैदानावर मुली मोठ्या आदराने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवायच्या आणि बाई ती पायाने बाजूला ढकलायच्या. ढकलताना उजव्या गुडघ्यातून कळ जायची, तोंड वाकडं व्हायचं आणि त्याचा राग मुलींवर निघायचा. बिचाऱ्या मुलींचं काय चुकलं? पण खो-खो उभ्याने शिकवता येत नाही हो! रांगेत मुलींबरोबर उकिडवं बसावं लागतं. टाच किती उचलायची, भार कुठल्या पायावर ठेवायचा, पाठीवर थाप पडताच कसं सुटायचं, हे अंगाने दाखवावं लागतं. खुर्चीत बसून ते सांगणं म्हणजे विहिरीच्या काठावरून पोहायला शिकवणं. बाईंची उभी हयात त्या रांगेत गेली होती आणि आता साठी यायच्या आतच गुडघ्याने संप पुकारला होता.

शेवटी मुलींनीच त्यांना साताऱ्याला डॉक्टर शमीम नदाफांकडे धाडलं. या नदाफबाई वयाने लहान, पण सांध्यांच्या बाबतीत त्यांचं नाव मोठं. टेबलावर हाडांचे नमुने मांडलेले, आणि बोलायला लागल्या की ते नमुने हातात घेऊनच बोलायच्या.

"हे बघा बाई, गुडघा म्हणजे बिजागरी. दारासारखी उघडते, मिटते. वरचा खुबा म्हणजे उखळी. वाटीत गोळा, हवा तसा फिरतो. या दोघांच्या हाडांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं—"

"डॉक्टर, मला परीक्षेला बसायचं नाहीये. मला नुसतं खाली बसायचंय. ते होईल का, एवढं सांगा."

"होईल," डॉक्टर हसून म्हणाल्या. "पण तुम्हाला एक माणूस आणावं लागेल."

ही माणूस आणण्याची भानगड समजून घ्यायला हवी. कूर्चा मोठी विचित्र चीज. तिला रक्तवाहिनी नाही. सांध्यात जे तेलकट पाणी असतं त्यावरच ती जगते, आणि तेही आपण हललो तरच तिला मिळतं. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की फुगते, आणि त्या दाबण्या-फुगण्यातून पाणी आत-बाहेर करतं. म्हणून तर बसून राहणाऱ्याचे सांधे आधी जातात. एकदा झिजली की मात्र ही कूर्चा पुन्हा येत नाही, असं शतकानुशतकं सगळे डॉक्टर सांगत आले होते. अलीकडे ते खोटं ठरलं. रुग्णाच्याच पेशी वाढवून त्यांचा लेप झिजलेल्या हाडावर लावायचा आणि नवं अस्तर उगवू द्यायचं, ही युक्ती सापडली होती.

पण या नव्या पेशींची एक खोड होती. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्यावर ज्या दिशेने भार पडेल त्या दिशेने त्या आपले धागे विणत. चाल वाकडी तर वीणही वाकडी, आणि एकदा विणलं की कायमचं. लंगडून लंगडून चाल बिघडलेल्या माणसाला त्याच्याच चालीवर सोडलं, तर नवं अस्तरही लंगडं निघे. म्हणून कमरेपासून घोट्यापर्यंत एक यांत्रिक सांगाडा चढवायचा. लोक त्याला पिंजरा म्हणत. दुसऱ्या कुणा धडधाकट माणसाची चाल नोंदवून घ्यायची, आणि पिंजरा रुग्णाचा पाय अगदी तसाच चालवी. तयार चाली मिळत, पण त्या सगळ्या परदेशी. चालणं, जिना, खुर्ची, संपलं. मांडी घालणं, उकिडवं बसणं त्यांच्या गावीही नव्हतं. ते हवं असेल तर आपल्यातलंच, आपल्या हाडापेराचं माणूस लागे.

"बहीण आहे? मुलगी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलगी आहे," बाई म्हणाल्या, शेजारणीचा पत्ता सांगावा तशा.

मुलीचं नाव केतकी. ती पुण्याला असते, टेबलं-खुर्च्यांचे आराखडे करते, एकटीच राहते. दिवाळीला फोन. "बरी आहेस ना?" "हो. तू?" "मी काय, आहे." इतकंच. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. या दोघी एकमेकींच्या जिवावर राहिलेल्या, तरी असं झालं.

आणि हीच केतकी एके काळी बाईंच्या संघातली सगळ्यात चपळ पोर होती! पळायला लागली की हाताला लागायची नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र ती बघता बघता उंच झाली आणि गुडघा दुखतो म्हणायला लागली. गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्यात काहीही नव्हतं. झालं, बाईंच्या लेखी विषय संपला. पोर मंद झाली, बसताना उजवं पाऊल बाहेर टाकायला लागली, आणि बाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "पाय सरळ! नाटकं पुरेत!" जिल्ह्याच्या निवडीच्या दिवशी केतकी मैदानाच्या मध्यात बसली ती उठलीच नाही. बाई तिच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. दहावी झाल्यावर पोरगी पुण्याला मावशीकडे शिकायला गेली, आणि ती जी गेली ती गेलीच.

तरीही बाईंनी फोन केला, आणि केतकी आली.

दवाखान्यात तिच्या पायाला जागोजागी हालचाल टिपणाऱ्या चकत्या चिकटवल्या. चालून झालं, जिना झाला, मांडी झाली. "आता उकिडवं बसा," डॉक्टर म्हणाल्या. केतकी क्षणभर थांबली. मग ओठ मिटून बसली. काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं, पाय सरळ!"

केतकीने ऐकलं. पडद्यावर तिच्या गुडघ्याची रेघ अगदी निर्दोष उमटत होती, आणि सगळे त्या रेघेकडे बघत होते.

"चहा घेऊन जा," बाई म्हणाल्या.

"नको. उशीर होतोय मला."

"डबा आणलाय तुझ्यासाठी."

"आई, तुला चाल हवी होती ना? दिली." आणि ती गेली.

लेप लावला. काही दिवसांनी पिंजरा चढला. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, डॉक्टरांनी बटण दाबलं, आणि उजवा पाय आपसूक उचलला गेला.

काय सांगावं! गुडघा तेल घातल्यासारखा वाकला, कळ नाही, कटकट नाही. पण बाईंना त्याहून मोठं नवल वेगळंच वाटलं. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. लांब, घाईची पावलं, वळायच्या आधी अंग किंचित उचलायची लकब. पोर शाळेतून येताना अशीच यायची. दारात दप्तर टाकायच्या आधी तिची पावलं ऐकू यायची, ती हीच. इतक्या वर्षांत लेकीला साधी मिठी मारली नव्हती, आणि आता ती पायात येऊन चालत होती. बाईंना एकदम भरून आलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की डोळ्यांत काहीतरी गेलंय.

दोन-चार दिवस हे सुख टिकलं. मग पिंजऱ्याने खाली बसवायला सुरुवात केली.

"थांबवा हे!" बाई ओरडल्या. "तुमचं यंत्र बिघडलंय. बसताना पाऊल बाहेर ओढतंय माझं."

"यंत्र ठीक आहे, बाई."

"काय ठीक आहे? मी शिकवते हे मुलींना, मला कळत नाही?" त्यांनी जोर लावून पाऊल सरळ केलं. तशी जांघेत अशी काही चिमटल्यागत ओढ बसली की त्या कठड्याला लोंबकळल्याच. पिंजरा केतकीच्या चालीने खाली जात होता आणि त्या चालीत सरळ पावलाला जागाच नव्हती. पाऊल बाहेर सोडलं की ओढ थांबे. आणखी एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली. बसायच्या ऐन आधी पाय एक क्षण अडखळत होता. चटका बसलेलं माणूस पुन्हा भांड्याला हात लावताना थबकतं ना, अगदी तसा.

डॉक्टरांनी नोंद पुन्हा उघडली. या वेळी त्यांनी गुडघा सोडून वरचं पाहिलं.

"बाई, चूक आमची आहे. आम्ही फक्त गुडघा मोजला," त्या म्हणाल्या. "केतकीताईंना लहानपणी गुडघा दुखायचा का?"

"हो. पण गुडघ्यात काही नव्हतं. एक्स-रे स्वच्छ होता."

"स्वच्छच असणार. दुखणं खुब्याचं होतं." त्यांनी टेबलावरचं मांडीचं हाड उचललं. "वाढत्या वयात हा वरचा गोळा हाडाला पक्का जोडलेला नसतो. मध्ये वाढीची मऊ चकती असते. मूल झपाट्याने उंच होतं, त्यात उड्या, पळणं, आणि कधी कधी हा गोळा सरकतो. डोक्यावरची टोपी जराशी मागे सरकावी तसा. मग पाय सरळ ठेवून वाकता येत नाही. पाऊल बाहेर टाकावंच लागतं."

"पण ती गुडघा म्हणायची. गुडघाच दाखवायची."

"खुब्याला आणि गुडघ्याला एकाच नसेच्या फांद्या जातात, बाई. दुखणं वरच्या मजल्यावर आणि बेल वाजते खालच्या. पुष्कळदा असंच फसायला होतं, डॉक्टरसुद्धा फसतात."

डॉक्टरसुद्धा फसतात. हे त्यांनी बाईंना धीर द्यायला म्हटलं होतं, पण बाईंना त्याने काडीचा धीर आला नाही. डॉक्टर एकदा फसले असतील. बाई तर रोज संध्याकाळी, मैदानभर पोरींच्या देखत फसत होत्या. सरकलेल्या हाडावर तिला पळवलं. उठवलं. बसवलं. वर नाटकी म्हणाल्या. पिंजऱ्यातच उभ्या उभ्या बाई ढसाढसा रडल्या, आणि या खेपेला डोळ्यांत काही गेलंय असं म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना रडू दिलं. मग पुढचं सांगितलं. केतकीचा खुबा आता झिजायला लागला असणार. असाच सोडला तर काही वर्षांत चालणं मुश्कील. पण उपाय होता. हाडाचा आलेला उंचवटा तासायचा, झिजलेल्या जागी हाच लेप लावायचा, आणि तिला पिंजरा चढवायचा. चाल हवी चांगल्या खुब्याची.

"माझा खुबा कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"उत्तम. तुमच्या वयात असा मी पाहिला नाही. गुडघा गेला, पण खुब्याने रांगेतली बैठक सोडली नाही. पण बाई, तुम्ही जे मनात आणताय ते सोपं नाही."

सोपं नव्हतंच. खुब्याची चाल नोंदवायची तर पिंजरा काढून, अंगाच्या पूर्ण भाराने चालावं-बसावं लागणार. गुडघ्यातला लेप अजून ओला, ओल्या गिलाव्यासारखा. त्याच्यावर असा भार पडला की खोल वाकण्याची वीण चिरडणार. गुडघा खुर्चीपुरता वाकेल, त्याखाली कधीच नाही. पिंजऱ्याचे आठवडे पुरे करून मग नोंदवावं, तर तोवर गुडघा नव्या चालीत मुरलेला असणार आणि खुबाही त्याच्यामागे गेलेला असणार. उलट बाईंनी पिंजरा काढलाच नसता तर त्यांचं काही अडत नव्हतं. केतकीच्या चालीतला दोष यंत्र अंदाजाने गाळू शकत होतं, आणि त्यावर बाई दिवाळीपर्यंत पुन्हा रांगेत बसल्या असत्या.

"घाई करू नका," डॉक्टर म्हणाल्या. "तयार चाली आहेतच, केतकीताईंना तितक्या नीट बसणार नाहीत, पण आहेत. आणि आधी त्यांना विचारा."

"तिला काय विचारायचंय? आई आहे मी तिची. काढा हा पिंजरा."

डॉक्टरांनी दोन दिवस टाळाटाळ केली. पण रणवरेबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं, हे अख्ख्या फलटणला माहीत होतं, ते साताऱ्यालाही कळलं. पिंजरा उतरला. बाई दातओठ खाऊन चालल्या, जिना चढल्या, मांडी घातली आणि उकिडव्या बसल्या. पाय सरळ, टाच उचललेली, पाठ ताठ. आपण शेवटचं बसतोय हे त्यांना माहीत होतं, म्हणून जरा जास्तच वेळ बसल्या. उठताना गुडघ्यात काहीतरी करकन झालं आणि डॉक्टर आणि नर्स, दोघींनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. या खुर्चीवर बाई काही म्हणाल्या नाहीत.

मग काठी टेकत टेकत त्यांनी पुण्याची एसटी पकडली. या मार्गावर आता ड्रायव्हर नसतो, बस आपली आपण जाते. कंडक्टर मात्र ठेवलाय, कारण प्रवाशांना भांडायला कुणीतरी लागतंच. त्याने बाईंची काठी पाहून पुढची जागा दिली.

केतकीने दार उघडलं आणि आईच्या हातातली काठी पाहून ती गडबडली. "हे काय? पिंजरा कुठंय तुझा?"

"आत येऊ का आधी?"

घरात सगळं उंचावर होतं. उंच ओटा, उंच स्टुलं, चपला ठेवायची फळीसुद्धा कमरेइतकी वर. खाली वाकावं लागेल असं त्या घरात फारसं काही नव्हतं. एरवी बाईंनी याला पुण्याचा थाट म्हटलं असतं. आज त्या प्रत्येक उंच वस्तूकडे बघत होत्या आणि त्यांचा जीव तुटत होता.

"माझी चाल पसंत पडली नाही ना?" केतकीने पाणी देत विचारलं. "यंत्रात पण चुका निघाल्या असतील."

"केतकी, तुझा खुबा सरकलेला आहे. तेव्हापासूनच. गुडघा दुखायचा तो त्यामुळे. पाऊल सरळ पडायचं नाही ते त्यामुळे. मी चालून बघितलं, तुझ्या पायाने. मी सरळ टाकायला गेले तर मला सोसलं नाही गं."

केतकी स्टुलाच्या काठाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते."

"नाही."

"मला पण नंतर वाटायला लागलं होतं, की करत असेन. सगळे म्हणतायत तर असेल." तिचा आवाज चिरकला. "हे कळायला तुला यंत्र लागलं, आई."

"लागलं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी उपाय सांगितला. आणि आपण काय करून आलो तेही सांगितलं, काहीशा उत्साहानेच, कारण लेकीला बरं वाटेल अशी त्यांची खात्री होती. "माझी चाल तुझ्या नावाने ठेवून आलेय. पुढच्या आठवड्यात भरती व्हायचंय. मी डॉक्टरांशी बोलले आहे."

केतकीचा चेहरा बदलत गेला.

"तू गुडघा घालवून आलीस?"

"जाऊ दे गं. खुर्चीत बसून शिट्टी मारता येते."

"मला विचारलंस?"

"अगं, यात विचारायचं—"

"मला विचारलंस का, आई?" केतकी ओरडली. तशी ती मैदानावरसुद्धा कधी ओरडली नव्हती. "तुझ्या तालावर चालणं जमेना म्हणून मी घर सोडलं! आता तोच ताल हाडात घालून घेऊ? मरेपर्यंत तुझ्यासारखी चालू? आणि नाही म्हणायची सोय पण ठेवली नाहीस. गुडघा मोडून आलीस! आता नको म्हटलं तर मीच वाईट!"

बाईंचं तोंड उघडं राहिलं. लेकीसाठी जन्मात एवढं काही केलं नव्हतं, आणि तेही चुकलं होतं. राग आला, तो जिभेपर्यंत आला, आणि तिथेच विरला. कारण पोरगी खरं बोलत होती. याही वेळी बाईंनी तिला नुसता हुकूम दिला होता.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "पुसून टाकायला सांगू का ती नोंद?"

"तेही तूच ठरवणार?"

बाईंना यावर हसू आलं असतं, पण रडूच आलं. "मग मला येत नाही गं दुसरं काही," त्या म्हणाल्या. "ठरवायचं आणि सांगायचं, एवढंच केलंय आयुष्यभर. तू सांग. तू नको म्हणालीस तर नको. माझा गुडघा त्यात धरू नकोस. तो मी माझ्या आडमुठेपणाने घालवला."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. केतकी ओट्याला टेकून उभी होती, हात छातीशी बांधून. बाई गप्प राहिल्या. गप्प राहणं त्यांना इतकं अवघड कधीच गेलं नव्हतं.

"डॉक्टरांना भेटेन मी," अखेर केतकी म्हणाली. "एकटी जाईन. चाल कुणाची घ्यायची ते मी ठरवणार. कदाचित तुझी घेणार नाही."

"बरं."

"आणि कारण विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

केतकी चहा ठेवायला वळली. साखरेचा डबा तेवढा खालच्या कप्प्यात राहिला होता. ती वाकली, उजवं पाऊल बाहेर गेलं, आणि अर्ध्यावर ती थबकली. ते थबकणं बाईंच्या ओळखीचं होतं. त्यांच्या स्वतःच्या पायाने ते अनुभवलं होतं. त्यांनी काठी घेतली, स्टुलाचा आधार घेत उठल्या, आणि ओट्यापाशी जाऊन त्यांनी तो डबा काढायचा प्रयत्न केला. त्यांनाही वाकता येईना. दोघी मायलेकी खालच्या कप्प्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

"दुखतंय," केतकी म्हणाली. हळूच, नेहमीच्या सवयीने, कुणी ऐकेल अशी आशा न ठेवता.

"कुठं गं?" बाईंनी विचारलं.

केतकीने आईकडे पाहिलं. हे तिला आईने आजवर कधी विचारलंच नव्हतं. तिने बाईंचा हात धरला आणि जांघेत, खुब्याच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवला.

"इथं," ती म्हणाली. "खूप दुखतं, आई."